माद्यांचे आकडे

घोडबंदर रोड, ठाणे
१७ जानेवारी २०२४

ती. चांगदेवकाकांना श्रियाचा नमस्कार.

"फोनवर मला ऐकू येत नाही आणि मेसेजवर माझं मन लागत नाही, आठवण आली तर कागदावर लिहा," असं तुम्ही निरोप समारंभात सगळ्यांना बजावलंत. बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या. मी आज खरंच कागद घेऊन बसलेय. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच पत्र लिहितेय, तेव्हा चुका पोटात घाला.

तुमच्याशिवाय अ‍ॅनिमल हाऊस सुनं वाटतं. तुमच्या जागी निरोपाच्या दिवशी तुम्हाला भेटलेली संचिता आलीय, पोरगी हुशार आहे, पण उंदीर हातात घेताना अजून डोळे मिटते. उंदराला नळीत सरकवून शेपटीला पट्टा बांधला की रक्तदाबाचा आकडा थेट दोनशेच्या वर. उंदीर घाबरला की दाब चढतो असं तुम्ही शिकवलं होतंत. मोजणारा घाबरला तरी चढतो, हे आता कळलं.

काल सोसायटीत हळदीकुंकू होतं. शेजारच्या मंदाकिनीकाकूंनी विचारलं, "तू दिवसभर उंदरांचं करतेस तरी काय?" मी सांगितलं की आमच्या उंदरांना जन्मतःच रक्तदाब जास्त असतो. त्यांच्या डीएनएमध्ये एक तुकडा आहे, ज्याच्यातून शरीरातलं एकही प्रथिन बनत नाही. डीएनएचा बहुतेक भाग असाच असतो, पूर्वी त्याला भंगार समजायचे. तो तुकडा आम्ही कापून काढला, आणि उंदीर तेच, खाण्यातलं मीठ तेच, तरी दाब उतरला. म्हणजे लांबच्या कुठल्या तरी जीनचं बटण त्या तुकड्यात आहे. काकू म्हणाल्या, "स्वतः काही करायचं नाही आणि बटणं मात्र सगळी आपल्या हातात. आमचे हे तसेच." सगळ्या बायका हसल्या.

आपला पेपर मासिकाकडे गेलाय. परीक्षकांनी काही शंका काढल्यात, त्यांची उत्तरं द्यायचीत.

एक सहज विचारते. पिंजऱ्यांवर फक्त नंबर असायचे. तुकडा कापलेला उंदीर कुठला आणि न कापलेला कुठला, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणूनच ते नंबर. तरी तुम्हाला कधी ओळखू यायचे का हो? तुमची नजर मला माहीत आहे, म्हणून गंमत वाटते.

रमाकाकूंना नमस्कार, दीप्तीला आठवण.

तुमची,
श्रिया


विठ्ठलवाडी
२२ जानेवारी २०२४

चि. श्रियास, सप्रेम जयभीम.

पोस्टमनने पत्र हातात दिलं तेव्हा रमाबाईला वाटलं पेन्शनचा काही घोळ झाला. पाकिटावर तुझं अक्षर दिसल्यावर मी ते दारातच उभ्याने वाचलं. चुका आहेत, पण पोटात घातल्या.

संचिताला सांग, उंदीर हातात घेण्याआधी पाच मिनिटं त्याच्याशी बोलत जा. काय बोलायचं ते विचारू नये, मी तर त्यांना गाड्यांचं वेळापत्रक सांगायचो.

आता तुझा प्रश्न. ओळखू यायचे का म्हणजे काय? अगं, तुम्ही कार्डावरची नावं लपवलीत, पण मुतणं कोण लपवणार? आठवड्यातून दोनदा पिंजऱ्यातलं भाताचं तूस मीच बदलायचो आणि दाबही मीच मोजायचो. मोजायला वेगळा माणूस द्या म्हणून तीन अर्ज केले होते, तुला ठाऊक आहे. कापलेल्या उंदरांचं तूस जास्त ओलं असायचं. तिसऱ्या आठवड्यापासून मी पैजेवर सांगितलं असतं, नर असो की मादी. एकतीस वर्षं ज्याने तूस उपसलं त्याला एवढंही कळू नये म्हणजे कमाल झाली.

पण म्हणून आकडा इकडचा तिकडे केला नाही. मशीन दाखवील तेच लिहिलं. उलट ओळखू यायचे म्हणूनच माद्यांच्या वेळी मी चक्रावलो. तूस ओलं, म्हणजे ही कापलेली, म्हणजे हिचा दाब उतरायला हवा. मलाही तो उतरायला हवा होता, आपलं सगळ्यांचंच काम होतं ते. नरांचा चांगला तीसने उतरला. माद्यांचा उतरेना. मीठ वाढवलं तर आठ-दहाने चढलाच. एकेक मादी तीन-तीनदा मोजली. तू स्वतः एक पूर्ण दिवस माझ्या जागी बसून मोजलंस, तरी तेच आलं. आठवतं ना, तू म्हणाली होतीस, "काका, या बायका आपलं ऐकणार नाहीत."

रमाबाईला बारा वर्षं दाब आहे. गोळ्या तीनदा बदलून झाल्या. मी तिला म्हटलं, उद्या या तुकड्यावरचं औषध निघालं तर डॉक्टरला आधी विचार, माद्यांवर बघितलंय का. ती म्हणाली, "मला मादी म्हणालात तर आज भाकरी मिळणार नाही." तरी माद्यांचं पेपरात काय लिहिलंस ते कळव. जीव तिथे अडकलाय.

तुझा,
चांगदेव भालेराव


घोडबंदर रोड, ठाणे
५ फेब्रुवारी २०२४

ती. काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि गाड्यांच्या वेळापत्रकावर खूप हसले. जपून ठेवलंय. सध्या परीक्षकांच्या शंकांची उत्तरं लिहितेय, म्हणून आज थोडक्यात.

माद्यांचं बघतेच आहे. पेपरात जागा मोजकी असते, कसं बसतं ते बघू. तुम्ही काळजी करू नका. तुमच्या आकड्यांवर माझा डोळे मिटून विश्वास आहे.

श्रिया


विठ्ठलवाडी
३ सप्टेंबर २०२४

चि. श्रियास,

सात महिने तुझं पत्र नाही. मी तीन पाठवली, त्यांचं उत्तर नाही. पोरगी कामात असेल म्हणून मनात काही आणलं नाही.

परवा दीप्तीने तुझा पेपर शोधून काढला. आंबिवलीला ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काम करते, तिथल्या कॉम्प्युटरवर तिला सापडला. छापून घरी घेऊन आली. मी आधी रमाबाईला गोड काही तरी करायला सांगितलं, मग चष्मा लावून बसलो. दीप्ती एकेक वाक्य मराठीत सांगत होती. नरांचा तक्ता आला. पहिल्याच ओळीत एकशे एक्याऐंशी, तो माझा. त्याच्याखालचे सगळे माझे. आकडा आपल्या हाताने लिहिलेला असला की लगेच ओळखता येतो.

मग ती थांबली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही कुठे काय लिहून दिलंत का?"

मी म्हटलं, मी काय लिहून देणार?

तिने ते वाक्य वाचून दाखवलं. माद्यांवरची मोजणी या अभ्यासातून वगळली आहे, कारण मोजणाऱ्या तंत्रज्ञाने आपल्याला गट ओळखता येत असल्याचं लेखी कबूल केलं आहे.

कुठली कबुली, ते मला दोन मिनिटं आठवेना. मग आठवलं. श्रिया, ते पत्र होतं. तू सहज विचारलंस म्हणून मी बढाई मारली. माझ्या घरातून तुझ्या घरी गेलेलं पत्र होतं ते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं, पण हात पुढे कर असं म्हणणारी तू होतीस. आणि पत्र हातात पडल्यावर लिहितेस, डोळे मिटून विश्वास आहे. केसाने गळा कापलास.

मला एवढंच सांग. नरही मीच मोजले, माद्याही मीच मोजल्या. तूस दोघांचंही ओलं होतं. मग नर मोजताना मी आंधळा होतो आणि माद्यांच्या पिंजऱ्यापाशी आलो की मला डोळे फुटायचे का? नरांचे आकडे तुला हवे तसे आले म्हणून ते राहिले. माद्यांचे आले नाहीत म्हणून मी खोटा ठरलो.

रमाबाईचं म्हणणं आहे की हे तुझं काम नसणार, वरच्या साहेबांचं असणार. मलाही तसंच वाटायला हवंय. तसं असेल तर एका ओळीत कळव. मी पाणी पिऊन गप्प बसेन.

चांगदेव


घोडबंदर रोड, ठाणे
१६ सप्टेंबर २०२४

ती. काका,

तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ते वाक्य मीच लिहिलं.

परीक्षकांनी विचारलं होतं की माद्यांमध्ये उलटं का होतं ते दाखवा. ते दाखवायचं म्हणजे नवे पिंजरे, नवी परवानगी, आणखी दोन वर्षं. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. कायमच्या जागेची मुलाखत ऑक्टोबरमध्ये आहे आणि हा पेपर नसेल तर मला तिथे कोणी उभंही करणार नाही. साहेब म्हणाले, माद्यांचा भाग काढायला काहीतरी कारण शोध. मी शोधलं. अपूर्वचीही नोकरी या वर्षी गेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. लग्नानंतर आम्ही दोघांनी घेतलेल्या या फ्लॅटचे हप्ते एका पगारावर चालत नाहीत.

पण मी एक शब्दही खोटा लिहिलेला नाही. तुम्हाला ओळखू यायचे, हे तुम्हीच लिहिलंत ना? शिवाय तुमचं नाव कुठेही नाही, फक्त 'तंत्रज्ञ' एवढंच आहे. जगात कोणाला कळणार तो कोण? तुम्ही निवृत्त आहात, पेन्शन चालू आहे, तुमचं यात काही बिघडत नाही.

पेपराच्या शेवटी आभारात तुमचं नाव राहून गेलं, त्याचं तुम्हाला जास्त लागलं असणार, मी समजू शकते. ती माझी चूक. पुढच्या पेपरात नक्की घालेन. संस्थेच्या वर्धापनदिनी तुमचा सत्कार करावा असंही मी साहेबांना सुचवलंय.

रागावू नका ना काका.

श्रिया


विठ्ठलवाडी
२९ सप्टेंबर २०२४

श्रिया,

शाल आणि नारळ तुमच्याकडेच ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तुझी अडचण खरी आहे. अपूर्वचं ऐकून वाईट वाटलं. तू तेव्हाच विठ्ठलवाडीला आली असतीस आणि म्हणाली असतीस, काका, मी बुडतेय, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. कदाचित भांडलो असतो, कदाचित रडलो असतो. पण तू मला विचारलं नाहीस. गोड बोलून काढून घेतलंस.

कोणाला कळणार म्हणतेस. त्या मजल्यावर तंत्रज्ञ एकच होता. गेल्या रविवारी कल्याणला भाजी घेताना संचिता भेटली. नमस्कार केला आणि नजर चुकवायला लागली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, नवीन लोकांच्या ट्रेनिंगमध्ये तुमचं उदाहरण देतात. भालेरावांसारखं करायचं नाही, असं सांगतात." तिला रडू आलं. मीच तिची समजूत काढून तिला रिक्षात बसवलं. एकतीस वर्षांत मी एक आकडा खोडला नाही, आणि आता माझं नाव काय करू नये ते शिकवायला वापरतात.

एक शब्दही खोटा नाही म्हणतेस. बरोबर आहे. पण पत्राचं एक पान घेतलंस आणि दुसरं टाकलंस. त्याच पत्रात लिहिलं होतं की मलाही दाब उतरलेला हवा होता आणि तो उतरला नाही. ज्याला फसवायचं असतं तो आपल्याला नको असलेला आकडा तीन-तीनदा मोजून लिहितो का?

तू पहिल्या वर्षी उंदीर चावला म्हणून बोट धरून रडत होतीस, तेव्हा रमाबाईने पाठवलेल्या डब्यातला भात मी तुला भरवला होता. ते मी आजवर कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवतोय, कारण खाल्ल्या घरचे वासे मोजणारं माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहतोय.

माझं मागणं एकच आहे. मासिकाला दुरुस्ती पाठव. माद्यांचे आकडे छाप, आणि मला गट ओळखू यायचे हेही खुशाल छाप, नरांच्याही आणि माद्यांच्याही बाबतीत. वाचणारे काय ते ठरवतील. औषध करणारे लोक तुझा पेपर वाचणार आहेत आणि उद्या ते औषध बायकाही घेणार आहेत. महिनाभर वाट पाहतो.

चांगदेव भालेराव


घोडबंदर रोड, ठाणे
२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय भालेराव काका,

मला कायमची जागा मिळाली. तुम्हाला आनंद होईल असं एके काळी वाटलं असतं.

दुरुस्ती शक्य नाही. साहेब, मासिक, निधी देणारे, सगळे यात अडकले आहेत. तुम्ही हे प्रकरण वाढवलंत तर तुमचं मूळ पत्र मला संस्थेकडे द्यावं लागेल. मग प्रश्न फक्त माद्यांपुरता राहणार नाही. ज्या माणसाला गट ओळखू यायचे, त्याने एकतीस वर्षांत मोजलेल्या सगळ्याच गोष्टींवर लोक शंका घेतील. तुमच्या काळजीपोटी सांगते, हे थांबवा.

आणि यापुढे आपण न लिहिलेलं बरं.

श्रिया


विठ्ठलवाडी
९ फेब्रुवारी २०२५

डॉ. श्रिया यांस,

न लिहिलेलं बरं म्हणाला होतात. हे शेवटचं आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. तुम्ही मला ती सवलत दिली नव्हती.

तुमच्या शेवटच्या पत्रानंतर चार दिवस मी जेवलो नाही. धमकीची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी दीप्तीला म्हटलं, बस, इंग्रजीत लिही. मासिकाच्या संपादकांना पत्र लिहायचं ठरवलं. मला एवढंच सांगायचं होतं की माद्यांचे आकडे खरे आहेत, ते पेपरात पुन्हा घाला. दीप्तीने तसं लिहिलंही. ते मी तिच्याकडून वाचून घेतलं आणि मला माझीच लाज वाटली. नरांच्या वेळी मी गट ओळखत होतो ही गोष्ट मी त्यात गाळली होती. म्हणजे तुम्ही जे केलंत तेच, फक्त माझ्या बाजूने.

मग नवीन पत्र लिहिलं. गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या माझ्या पत्रात काय होतं ते आठवून आठवून सगळं सांगितलं. तूस दोघांचं ओलं होतं, मी दोघांनाही ओळखत होतो. मोजायला वेगळा माणूस मागितला होता, तो दिला नाही. माझ्या हातचे आकडे घ्यायचे तर दोन्ही घ्या, टाकायचे तर दोन्ही टाका.

महिनाभराने उत्तर आलं. माणसं सभ्य होती. त्यांनी लिहिलं की असं असेल तर दोन्ही घेता येणार नाहीत, संपूर्ण पेपर मागे घ्यावा लागेल. त्याआधी तुम्ही सही करून कळवा की हे तुमचंच म्हणणं आहे.

तो कागद घरात आठ दिवस पडून होता. दीप्ती म्हणाली, "पप्पा, सही केली की तुमचे आकडेपण गेले. तुम्ही ते वाचवायलाच निघाला होतात ना?" पोरगी बरोबर बोलत होती. तीन वर्षांचं काम होतं. दोन हजारांवर मोजण्या, माझ्या नोकरीचं शेवटचं काम. मी रमाबाईला विचारलं, काय करू? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सही नाही केली तर त्या पोरीने तुमच्याबद्दल लिहिलं ते खरं होईल. मग मी कुणाबरोबर संसार केला?"

सही केली. पोस्टात मी स्वतः जाऊन टाकलं. काल त्यांची पोच आली, पेपर या महिन्यात मागे घेतला जाईल. तुम्हालाही त्यांचं पत्र आलं असेलच.

तुमचं नुकसान झालं याचा मला आनंद नाही. तुम्ही पहिल्या दिवशी अ‍ॅनिमल हाऊसच्या दारात येऊन उभ्या राहिलात ते मला अजून दिसतं, आणि त्यानेच जास्त त्रास होतो. परका माणूस असता तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. आता कुणी आपुलकीने काही विचारलं की मला आधी शंका येते. परवा शेजारच्या रत्नदीपने विचारलं, "काका, बरं चाललंय ना?" मी त्याला विचारलं, "का विचारतोस?" बिचारा ओशाळला.

माद्या गेल्या, नर गेले. तो तुकडा कापला तरी माद्यांचा दाब उतरत नाही, मिठाने उलट चढतो, हे आता कुठेही लिहिलेलं नाही. आज ना उद्या पुन्हा कुणाला तरी पहिल्यापासून शोधावं लागेल. ते आकडे खरे होते हे ज्यांनी स्वतः मोजून पाहिलं अशी जगात दोनच माणसं आहेत. त्यातल्या एकाच्या शब्दाला आता किंमत राहिलेली नाही. दुसऱ्या तुम्ही आहात.

चांगदेव भालेराव